एकोणतीस गुरुवार

खिडकीची काच पुसायला त्याने रद्दीतून हाताला लागला तो कागद ओढला, आणि तो नेमका बायकोच्या क्लबचा निघाला. काच ओली होती, हातही ओला होता. कागद अर्धा भिजल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे या महिन्याचं वार्तापत्र आहे. ते अजून तिच्याच नावाने येत होतं. ती जाऊन अडीच महिने झाले तरी दर महिन्याला खाली टपालपेटीत पडायचं, तो तीन मजले चढून ते वर आणायचा आणि न उघडता रद्दीवर टाकायचा. आज त्याचा बोळा करणार तोच मधलं पान उलगडलं, आणि त्यावर जाड अक्षरात छापलं होतं : शंभर टक्के हजेरी. खाली बेचाळीस सभासदांची यादी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एकच आकडा. आतापर्यंतच्या सत्तेचाळीस सभा, हजर सत्तेचाळीस. येत्या गुरुवारी वर्षातली शेवटची, अठ्ठेचाळिसावी सभा असून त्या दिवशीही हजेरीची फळी रिकामी राहिली, तर विभागप्रमुखांच्या हस्ते हजेरीचा फिरता चषक आपल्या क्लबला मिळेल, तरी सर्वांनी वेळेवर यावं. सतराव्या क्रमांकावर तिचं नाव होतं. नावापुढे सत्तेचाळीस.

त्याने ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. चष्म्याची चूक नव्हती. पाणी काचेवरून ओघळत खिडकीच्या चौकटीत साठत राहिलं. पहिल्या आठ सभांना ती स्वतःच्या पायांनी गेली होती. ते त्याला पक्कं आठवत होतं, कारण आठव्या सभेहून परत येताना ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवरच बसली होती, आणि शेजारच्या शिंपिणीने त्याला हाक मारली होती. त्यानंतर ती जिना उतरली ती एकदाच, स्ट्रेचरवरून. मधले एकोणतीस गुरुवार ती या खिडकीशी, या पलंगावर होती. नंतरचे दहा गुरुवार ती कुठेच नव्हती. आठ आणि एकोणतीस सदतीस, आणि दहा सत्तेचाळीस. हिशेब चोख जुळत होता. चोख जुळणारी खोटी हजेरी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता असं नाही.

पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या दारात तो चौतीस वर्षं टाइमकीपर होता. कामगार त्याला पाठीमागे काटा म्हणायचे, आणि ते त्याला ठाऊक होतं. आठला एक मिनिट कमी असताना तो उभा राहायचा आणि आठला एक मिनिट झालं की दार लावायचा. सासरा मेला म्हणून उशीर झाला असं सांगणाऱ्याचे सासरे किती हे त्याच्याकडे नोंदलेलं असे. एकाचे चार झाले होते. दुसऱ्याचं कार्ड यंत्रात घालणं हा त्या दारातला सगळ्यात मोठा गुन्हा. भट्टीवरचा एकजण तीन दिवस कामावर नव्हता आणि त्याचं कार्ड रोज आठला पाच कमी असताना पडत होतं. तिसऱ्या दिवशी याने त्याच्या दोस्ताला कार्डासकट धरलं आणि रिपोर्ट लिहिला. दोस्ताची नोकरी गेली. भट्टीवाला तीन दिवस आईच्या उशाशी होता, आणि ती चौथ्या दिवशी गेली, हे नंतर कळलं. घरी आल्यावर त्याने ते बायकोला सांगितलं, शाबासकी मिळावी म्हणून नव्हे, पण सांगितलं. ती पोळपाटावरून हात न उचलता म्हणाली, "कार्ड बघितलंत. माणूस कुठे होता ते विचारलं नाहीत." तो म्हणाला, ते माझं काम नव्हतं. पुढे आठ दिवस ती त्याच्याशी जेवायला चला आणि दार लावा एवढंच बोलली. आणि आता तिचंच कार्ड कोणीतरी रोज घालत होतं. रोज नाही, दर गुरुवारी.

क्लबातली फळी त्यानेच करून दिली होती. त्याचा क्लबशी आलेला तेवढाच संबंध. एकोणीस वर्षांपूर्वी ती सभासद झाली तेव्हा सगळे एका वहीत सही करायचे, आणि कोण आलं कोण नाही यावरून दर सभेत कुरबूर व्हायची. ती घरी येऊन सांगायची. शेवटी त्याने कारखान्यातल्या जुन्या टोकन फळीसारखी एक फळी बनवली. जाड सागवानी पाट, त्यावर पितळी खुंट्या, खुंटीखाली नंबर, आणि प्रत्येक खुंटीवर त्या सभासदाच्या नावाचा बिल्ला. आलात की आपला बिल्ला काढून छातीवर लावा, जाताना परत अडकवा. सभा सुरू होताना ज्याचा बिल्ला खुंटीवर लटकतोय तो गैरहजर. वही नको, सही नको, वाद नको. रिकामी फळी म्हणजे भरलेली सभा. क्लबाला ती इतकी आवडली की विभागातल्या इतर क्लबांनीही तशाच करून घेतल्या, आणि मग रिकाम्या फळीची चढाओढ लागली आणि चषक निघाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, फळीला डोळे नसतात, शेजारी माणूस उभा ठेवावा लागतो.

त्याने चिटणीसांना फोन केला. चिटणीसांचं चपलांचं दुकान होतं आणि समोरच्याशी बोलताना ते त्याच्या पायांकडे बघत. फोनवर ती सोय नसल्यामुळे जरा गडबडले. त्याने वार्तापत्रातला आकडा वाचून दाखवला आणि हे काय म्हणून विचारलं. चिटणीस म्हणाले, काका, ती तांत्रिक बाब आहे, नाव वर्षअखेरपर्यंत पटावर राहतं. साठी उलटलेला हा गृहस्थ त्याला काका म्हणत होता. पटावर राहू दे, तो म्हणाला, हजर कशी? चिटणीस म्हणाले, एका बिल्ल्यासाठी बेचाळीस माणसांची वर्षभराची मेहनत वाया जाते, वहिनींनाही ते रुचलं नसतं, त्यांचं क्लबवर किती प्रेम होतं. आणि बरं झालं फोन केलात, आम्ही येणारच होतो तुमच्याकडे. गुरुवारी वहिनींच्या स्मृतीला मानपत्र आहे, ते तुम्ही घ्यायचं, आणि दोन शब्द बोलायचे. विषय सोपा आहे : सुंदर वार्धक्य. एकटेपणावर तुम्ही कशी मात केलीत, ते. लोकांना उभारी येते.

मात. फोन ठेवल्यावर तो शब्द त्याच्या टाळूला चिकटून राहिला. वार्तापत्राच्या मागच्या पानावर सुंदर वार्धक्याची दहा सूत्रं छापली होती. भरपूर पाणी प्या. रोज हसा. नव्या ओळखी करा. भूतकाळात रमू नका. त्यांच्या शेजारी सूत्रं लिहिणाऱ्याचा फोटो होता, पन्नाशीही न गाठलेला, सगळे दात जागच्या जागी. वार्धक्य सुंदर असतं हे सांगणारा प्रत्येकजण वार्धक्याच्या अलीकडच्या काठावर उभा राहून सांगतो, असं त्याला वाटलं, जसं नदीत उतरलेल्याला काठावरचा सांगतो की पाणी छान आहे. ती असली सूत्रं कधी बोलली नाही. क्लबचे लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी वृद्धाश्रमात फळं वाटायचे आणि फोटो काढायचे. ती फोटोत नसायची, कारण ती तेव्हा मागच्या खोलीत बसून अंथरुणाला खिळलेल्यांची नखं कापत असायची. पायाची नखं, जाड झालेली, पिवळी, आत वळलेली. कोमट पाण्यात पाय भिजवून, मांडीवर टॉवेल पसरून. एकदा तो म्हणाला, तिथे आया आहेत ना ठेवलेल्या? ती म्हणाली, आया हाताची कापतात. पायाकडे कोणी जात नाही.

आणि तिला बघायला कोण आलं? याच खिडकीशी बसून त्याने हा प्रश्न किती वेळा विचारला होता. क्लबचा नियम त्याला माहीत होता, तिनेच सांगितलेला : लागोपाठ दोन गुरुवार ज्याचा बिल्ला खुंटीवर राहील त्याच्या घरी दोन सभासदांनी जाऊन यायचं, विचारपूस करायची, काय हवं नको बघायचं. ती स्वतः असल्या कितीतरी घरी गेली होती. तिच्या घरी, दोन गुरुवार गेले, चार गेले, दहा गेले, हेडबाईंशिवाय कोणी फिरकलं नाही. हेडबाई म्हणजे तिची क्लबातली जोडीदारीण, शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी जिना चढतानासुद्धा रांगेत चालल्यासारख्या चालायच्या. त्या दर शुक्रवारी यायच्या. बाकी शुकशुकाट. तो चिडायचा. एकोणीस वर्षं लोकांच्या पायांची नखं कापलीस, आता तुझ्या दारात एक पाय वाजतोय का बघ, असं तो तिला म्हणायचा. पलंगावर पडलेल्या, उश्या रचून बसलेल्या, दोन वाक्यांमध्ये श्वास शोधणाऱ्या बाईला तो हे म्हणायचा. रोज नाही, पण बऱ्याचदा. ती म्हणायची, कामात असतील. आणि खिडकीबाहेर बघायची. क्लबचा राग तो तिच्यावर काढत होता हे त्याला तेव्हाही कळत होतं, पण दुसरं कोणी हाताशी नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दूर दुसऱ्या शहरात, दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, सोडून द्या ना, कागदावरचा आकडा आहे, आईला त्याने काय फरक पडतो. तो म्हणाला, तुझ्या आईला नाही पडत, मला पडतो. कसा, ते त्याला लेकीला सांगता आलं नाही. बाप लेकीला असल्या गोष्टी कुठे सांगतो.

गोष्ट अशी होती की ते एकोणतीस गुरुवार त्याचे होते. त्याच्या मालकीचे. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यातली चौतीस कारखान्याच्या दाराने खाल्ली. रिटायर होऊन घरी बसला तर गुरुवार क्लबने नेले. दर गुरुवारी साडेचारला ती केस विंचरायची, निळा स्वेटर घालायची, जेवण झाकून ठेवायची आणि जायची. सात वाजता परत. त्याला त्या अडीच तासांत घर खायला उठायचं, पण ते तोंडाने म्हणायची सोय नव्हती. तो फक्त झाकलेलं जेवण गार झालं म्हणून तक्रार करायचा. सहा दिवस ती शेजारीच असायची आणि त्याचं काही म्हणणं नसायचं. पण जे मिळत नाही ते नेमकं गुरुवारी होतं. आणि मग ती आजारी पडली, हृदय दमलं होतं, फुप्फुसात पाणी साठत होतं, आणि पहिल्या गुरुवारी साडेचार वाजले आणि ती कुठे गेली नाही. त्याला आनंद झाला होता. हे तर तो कोणालाच सांगू शकला नसता. बायको आजारी पडली आणि त्याला गुरुवार मिळाला म्हणून आनंद झाला. त्याने त्या दिवशी चहा केला, तिचे पाय कोमट पाण्यात भिजवले आणि आपल्या मांडीवर टॉवेल पसरून तिची नखं कापली. एक वाकडं गेलं तर ती म्हणाली, पुढच्या वेळी उजेडाकडे बसा. तेव्हापासून दर गुरुवारी तो उजेडाकडे बसून तिची नखं कापायचा. इतकी नखं कुठून येणार? कापण्यासारखं नसलं तरी तो नुसता हात फिरवून बघायचा. बरोबर पाचला ती डोळे मिटायची. सव्वासहाला उघडायची. त्या सव्वा तासात तो खुर्ची हलवायचासुद्धा नाही. रात्र रात्र झोप न येणारी ती, गुरुवारी याच्या सोबतीत झोपते, असं त्याला वाटायचं. ती झोप त्याने कमावलेली होती.

आणि क्लबच्या कागदावर ती त्या एकोणतीस गुरुवारी तिकडे होती.

बुधवारी दुपारी हेडबाई आल्या. चिटणीसांनी त्यांना कळवलं असणार. जिना चढून दम लागला होता, तरी बसल्या नाहीत, पलंगाच्या मोकळ्या गादीकडे एकदा बघून खिडकीशी उभ्या राहिल्या. अर्धीच पुसलेली काच त्यांच्या नजरेतून सुटली नाही. तो वार्तापत्र आणायला वळला तर म्हणाल्या, ते राहू द्या, मी वाचलंय. तुमचं कोणावर किती चिडायचं ते तुम्ही ठरवा, पण आधी पूर्ण ऐका. आणि त्यांनी सांगितलं की बिल्ला त्या काढत होत्या. एकोणतीस गुरुवार. आपला छातीवर लावायच्या आणि तिचा पर्समध्ये टाकायच्या, जाताना दोन्ही परत अडकवायच्या. फळी त्यांच्या हाताने रिकामी व्हायची.

तो काही बोलण्याआधी त्या म्हणाल्या, "तिने सांगितलं म्हणून."

खाली रस्त्यावर कोणीतरी लोखंडी शटर ओढलं. त्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. हेडबाईंनी शाळेतल्यासारखं, एकेक वाक्य सुटं करून सांगितलं. पहिल्याच शुक्रवारी तिने हात धरला होता. तिने असे कितीतरी बिल्ले लटकताना पाहिले होते. पहिल्या गुरुवारी सगळे विचारतात, दुसऱ्या गुरुवारी दोघं घरी जाऊन येतात, तिसऱ्या गुरुवारपासून त्या खुंटीकडे कोणी बघत नाही. माणूस जिवंत असतो, पण संपलेला असतो. मला तशी लटकायचं नाहीये, ती म्हणाली होती. मी तिथे असलेली बरी.

"मग म्हणून कोणी आलं नाही," तो म्हणाला. "तुमच्या फळीवर ती हजर होती, म्हणून विचारपुशीला कोणी आलं नाही."

"हो."

"आणि तिला हे माहीत होतं."

"तिनेच नियम शिकवलाय निम्म्या क्लबला, भाऊजी. माहीत नसेल कसं."

तो पलंगाच्या कडेवर बसला. कामात असतील, ती म्हणायची. तो तिला टोचून बोलत होता, आणि ती खिडकीबाहेर बघत होती, आणि तिला सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर तो गप्प बसला असता. त्याने विचारलं, मला का नाही सांगितलं? हेडबाईंच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं, आणि ते लपवायला त्या काचेकडे वळल्या. म्हणाल्या, मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, "यांना सांगू नकोस. हे मला खाडा लावतील."

तो हसला नाही. चौतीस वर्षं त्याने हजारो माणसांपुढे लाल शाईने खाडा मांडला होता, आणि घरात, पलंगावर, श्वासासाठी धडपडणारी बाई त्याच्या लाल पेनला भीत होती. भीत नसेल, थट्टा करत असेल. तिची थट्टा अशीच असायची, खरी. त्याला राग आला, आणि तो कोणाचा ते त्याला सापडेना. बिल्ला काढणारीचा, काढायला लावणारीचा, की दाराशी बसलेल्या त्या काट्याचा. आणि त्या सगळ्याच्या तळाशी पाच वाजता मिटलेले तिचे डोळे होते. ती झोपत नव्हती. सभा पाचला सुरू होते आणि सव्वासहाला संपते. साडेचारला ती त्याला केस विंचरायला सांगायची, निळा स्वेटर मागायची. थंडी नसतानाही मागायची. त्याच्यासाठी, असं त्याला वाटलं होतं. ती गेल्यावर त्याने तो स्वेटर घडी घालताना पाहिलं होतं, छातीशी डाव्या बाजूला दोन बारीक भोकं, बिल्ल्याच्या पिनेची. मग कपाट उघडून पाहिलं तर तिच्या प्रत्येक चांगल्या कपड्याला तिथेच दोन भोकं.

निघताना हेडबाई दारात थांबल्या. म्हणाल्या, ती गेली त्याच्या पुढच्या गुरुवारी मी तिचा बिल्ला काढला नाही. मला दिलेलं काम संपलं होतं. मी तो खुंटीवर तसाच राहू दिला आणि सगळ्यांनी बघावा म्हणून वाट बघत बसले. सभा सुरू झाली तेव्हा खुंटी रिकामी होती. चिटणीसांच्या टेबलाच्या खणात आहे तो. दहा गुरुवार. बेचाळीस नव्हे, एकेचाळीस माणसं सतरा नंबरकडे बघत नाहीत. मीही बघत नाही, त्या म्हणाल्या, म्हणून तुम्हाला सांगायला आले.

गुरुवारी साडेचारला त्याने दाढी केली, केस विंचरले. क्लबची खोली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती, तो तिथे फळी ठोकायला गेला होता त्यानंतर आजच. खुर्च्यांना पांढरी कव्हरं चढवली होती, टेबलावर चषक, कान असलेला, पुसून पुसून चकचकीत केलेला. विभागप्रमुख बाई आधीच येऊन बसल्या होत्या आणि अध्यक्षीणबाई त्यांना फळीची हकीकत सांगत होत्या, ती कोणी बनवली ते सोडून. सगळे त्याला भेटायला आले. तब्येत छान ठेवलीय म्हणाले. असेच येत जा म्हणाले. एकाने पाठीवर थाप मारली. या माणसांमधला एकही सात महिन्यांत तीन मजले चढला नव्हता, आणि चढला नव्हता कारण फळी रिकामी होती, आणि फळी रिकामी होती म्हणून बरं वाटून घेण्याइतकीच यांची माया होती. शेजारच्या खुर्चीवर दर गुरुवारी जी बसायची ती सात महिने बसली नाही, हे एकेचाळीस डोळ्यांच्या जोड्यांना दिसलं नाही? खुर्ची दिसली असणार. पण फळी म्हणाली हजर, म्हणजे हजर. कार्ड बघितलं. माणूस कुठे आहे ते विचारलं नाही. त्याचं डोकं तापलं, आणि त्याच वेळी भट्टीवाल्याचा दोस्त कार्ड हातात धरून डोळ्यांसमोर उभा राहिला, तसाच, मान खाली न घालता.

फळीवर एकही बिल्ला नव्हता. त्याने खुंट्यांवरून नजर फिरवली. पितळ काळवंडलं होतं, पण एक खुंटी सैल झाली नव्हती.

तो चिटणीसांकडे गेला आणि म्हणाला, तिचा बिल्ला द्या. चिटणीसांनी त्याच्या बुटांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, कल्पना उत्तम आहे काका, छातीवर लावा, मानपत्र घेताना फोटोत छान दिसेल. खण उघडून त्यांनी तो काढून दिला. गोल, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, कडेला तिच्या अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेला. पिन जरा वाकडी होती. त्याने ती नखाने सरळ केली. खोलीतलं घड्याळ पाचला दोन मिनिटं कमी दाखवत होतं, आणि ते दीड मिनिट मागे आहे हे त्याने आल्याआल्या पाहिलं होतं.

तो फळीपाशी गेला आणि सतरा नंबरच्या खुंटीवर बिल्ला अडकवला.

बिल्ला थोडा हलला, पाटावर टकटक वाजला. त्या आवाजाने आधी अध्यक्षीणबाईंचं बोलणं थांबलं, मग बाकीच्यांचं. चिटणीस लगबगीने आले, हसत, अहो काका चुकून, असं म्हणत त्यांनी हात पुढे केला. त्याने हात अडवला नाही, फक्त खुंटीवर आपला पंजा ठेवला. त्याचा आवाज दारातला होता, आठ वाजून एक मिनिट झालेला.

"पाच वाजले. सतरा नंबरचा खाडा आहे."

विभागप्रमुखबाईंनी विचारलं, हे कोण? तो त्यांच्याकडे वळला. दोन शब्द बोलायला त्यालाच सांगितलं होतं. तो म्हणाला, "ती माझी बायको. एकोणतीस गुरुवार ती आजारी होती आणि तुमच्या कागदावर हजर आहे. ते मी खोडत नाही, ते तिने मागितले होते. त्यानंतरचे दहा तुम्ही लावलेत, तिला न विचारता. ते तुम्ही खोडा. आजचा खाडा मी लावलाय." मग तो थोडा थांबला, कारण पुढचं त्याने ठरवलं नव्हतं. "आणि पुढच्या गुरुवारीही ती येणार नाही. दोन खाडे झाले की नियमाप्रमाणे दोघांना घरी पाठवा. तिसरा मजला. मी असतो."

चिटणीस त्याच्या पायांकडेही बघत नव्हते. चषक टेबलावर तसाच राहिला, आणि अध्यक्षीणबाई त्याच्या कानाला हात लावून तो सरळ करत राहिल्या. शेवटी विभागप्रमुखबाईंनी आपली वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. सभा सुरू करा, त्या म्हणाल्या.

तो जायला निघाला होता. मागच्या रांगेतून हेडबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. तो त्या खुर्चीवर जाऊन बसला. समोर मागच्या सभेचा वृत्तान्त वाचायला सुरुवात झाली, आवाज सपाट, शब्द एकमेकांत मिसळलेले. बिल्ला हलायचा थांबला होता. एवढ्या खुंट्यांत एकच भरलेली, आणि खोलीतला जो तो तिकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्या फळीकडे इतकं कोणी बघितलं नसेल. त्याने घड्याळाकडे पाहिलं, दीड मिनिट मनात मिळवलं, आणि डोळे मिटले. खुर्ची न हलवता. बादलीतलं पाणी बरोबर कोमट होतं. खिडकीची काच अर्धी पुसलेली होती, उजेड तेवढ्यातून येत होता, आणि तो उजेडाकडे बसला होता. सव्वासहापर्यंत तो घरीच होता.